माळावरचं सोलर : स्वतः उभारावं की जागा भाड्यानं द्यावी?

या महिन्यात सदराकडे आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं सोलरची आहेत. माळावर प्लांट बसवून महावितरणला वीज विकायची, असा विचार आता गावागावांत सुरू झालाय. मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका सहकारी बँकेच्या शेतीकर्ज विभागात नोकरी केली. पाईपलाईन, गुऱ्हाळ, ट्रॅक्टर, गोठा, सगळ्यांचे प्रकल्प अहवाल माझ्या टेबलावरून गेले. त्यामुळं सोलरचा कागद समोर आला तरी माझी नजर आधी हप्त्याच्या रकान्याकडं जाते. उत्तरं त्याच नजरेनं दिली आहेत. पत्रांतली नावं मुद्दाम गाळली आहेत, तालुका तेवढा ठेवलाय.

प्रश्न : आमचा पाच एकर माळ आहे, गवत सोडून काही येत नाही. गावात एकजण येऊन गेला. म्हणाला, एक मेगावॉटचं सोलर बसवा, वर्षाला पन्नास लाख मिळतील, सरकारचं अनुदान आहे, बँक कर्ज देते. आम्ही तिघे भाऊ तयार आहोत. यात किती खरं? (वाचक, ता. भुदरगड)

दादा, पन्नास लाखांचा आकडा त्यानं मनानं काढलेला नाही. राजस्थानात, तेव्हाच्या जयपूर जिल्ह्यातल्या कोटपुतली तालुक्यात भालोजी नावाचं गाव आहे. केंद्राच्या पीएम-कुसुम या शेतीसाठीच्या सौर योजनेचा ‘अ’ घटक म्हणजे शेतकऱ्यानं छोटा प्लांट टाकून वीज कंपनीला वीज विकायची. त्यातला देशातला पहिला प्रकल्प २०२१ मध्ये तिथं सुरू झाला. साडेतीन एकर पडीक जमीन, एक मेगावॉट, वर्षाला १७ लाख युनिटचा अंदाज, युनिटला ३ रुपये १४ पैसे दर आणि २५ वर्षांचा करार. गुणाकार केला की ५३ लाख होतात. पण ही झाली वीज विकून येणारी वर्षाची जमा. त्यातून हप्ता, विमा, राखण, दुरुस्ती वजा व्हायचीच आहे. शिवाय ते ऊन राजस्थानचं आहे. भुदरगडात जून ते सप्टेंबर सूर्य किती दिवस नीट दिसतो, हे मी तुम्हाला सांगायला नको.

आधी अनुदानाचं बघू. ‘अ’ घटकात प्लांट उभारायला शेतकऱ्याला भांडवली अनुदान नाही. युनिटमागे ४० पैसे किंवा मेगावॉटला वर्षाला ६ लाख ६० हजार, यातली जी कमी असेल ती रक्कम केंद्र पाच वर्षं देतं, पण ती वीज कंपनीला, वीज विकत घेतल्याबद्दल. पंपाच्या घटकात अनुदान आहे आणि लोक दोन्हींची गल्लत करतात. तुमच्याकडं आलेल्या माणसानं ती जाणून केली की अजाणता, ते तुम्हीच ठरवा.

आता वही-पेन घ्या. एक मेगावॉट म्हणजे हजार किलोवॉट. वर्षाचे तास ८,७६०. प्लांट रात्रंदिवस पूर्ण ताकदीनं चालला असता तर ८७ लाख ६० हजार युनिट झाले असते. पण रात्र आहे, ढग आहेत, धूळ आहे. योजनेत किमान १५ टक्के वापर धरलाय, म्हणजे १३ लाख १४ हजार युनिट. प्लांट चांगला राखला आणि जागा उघडी असली, तर १८ टक्के धरू, म्हणजे पावणेसोळा लाख. दर तीन रुपयांच्या आसपास धरा, कारण अलीकडच्या निविदा त्याच पट्ट्यात उतरल्या आहेत. म्हणजे वर्षाची जमा साडेएकोणचाळीस लाख ते सव्वासत्तेचाळीस लाख. आणि हा दर २५ वर्षं तोच राहणार. महागाई वाढेल, वॉचमनचा पगार वाढेल, युनिटचा दर वाढणार नाही.

खर्चाची बाजू. पॅनेल, सांगाडा, इन्व्हर्टर, ट्रान्सफॉर्मर, कुंपण आणि सबस्टेशनपर्यंतची ११ केव्हीची लाईन मिळून चार कोटी धरा. बँक ७० टक्के देईल, तुमचे १ कोटी २० लाख लागतील. तिघा भावांना ते कुठून आणायचे हा पहिला प्रश्न. कर्ज २ कोटी ८० लाख, व्याज १० टक्के, मुदत दहा वर्षं, असं धरलं तर महिन्याचा हप्ता ३ लाख ७० हजार आणि वर्षाचे सव्वाचव्वेचाळीस लाखांच्या वर. देखभाल, विमा, राखण यांना पाच लाख. म्हणजे १८ टक्के चालूनही वर्षाला दोन लाख घरातून घालायचे. १५ टक्केच चालला तर दहा लाख. दहा वर्षं!

हेच कर्ज पंधरा वर्षांचं मिळालं तर वर्षाचा हप्ता ३६ लाखांवर येतो आणि १८ टक्क्यांत सहा लाख हातात राहतात. म्हणून बँकेत गेल्यावर व्याजदराइतकीच मुदतीवर घासाघीस करा. दुसरी गोष्ट, कृषी पायाभूत सुविधा निधीत दोन कोटींपर्यंतच्या कर्जावर सात वर्षं ३ टक्के व्याज सवलत मिळते, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रानं कुसुमचा ‘अ’ घटक त्या निधीशी जोडायला मंजुरी दिली. पहिल्या वर्षी ही सवलत सहा लाखांपर्यंत जाते. शाखेत याची माहिती नाही म्हणाले तर वरच्या कार्यालयात जा, पण ती सोडू नका. कर्ज फिटलं की पुढची वर्षं खरोखर चांगली आहेत, मात्र दहा-बारा वर्षांनी इन्व्हर्टर बदलायचा खर्च येतो आणि पॅनेलही दरवर्षी थोडं थोडं उतरतं. तेवढं गृहीत धरा.

आता दुसरी वाट. राज्याची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ ची, तिचा दुसरा टप्पा मे २०२३ पासून. यात प्लांट कंपनी उभारते, जागा तुमची, भाडं हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार, म्हणजे एकरी पन्नास हजार. जागेच्या नोंदणीकृत मूल्याच्या ६ टक्के रक्कम यापेक्षा जास्त होत असेल तर ती. दरवर्षी वाढ ३ टक्के, पण ती पहिल्या वर्षाच्या मूळ दरावर, सरळ पद्धतीनं. चक्रवाढ समजू नका. तुमच्या पाच एकराला पहिल्या वर्षी अडीच लाख, आणि २५ वर्षांची बेरीज ८५ लाखांच्या घरात. एक रुपया न घालता, घर गहाण न टाकता.

माझं स्पष्ट मत सांगते. पदरात रोख कोटभर नसेल, तर भुदरगडातल्या माळावर कर्ज काढून स्वतःचा प्लांट उभारू नका. जागा भाड्यानं द्या. ज्या माळावर नाचणीसुद्धा धड पिकत नाही, तिथं एकरी पन्नास हजार हे कमी नाहीत. पाणी मिळणारी उसाची जमीन मात्र या भाड्यासाठी कुणी देऊ नये, तिचं उत्पन्न जास्त आहे आणि ती पुन्हा मिळत नाही.

पण भाड्यानं द्यायला तरी जागा बसते का, ते तपासा. त्यासाठी एजंट लागत नाही. तिघे भाऊ दुपारी चारच्या सुमाराला माळावर जाऊन उभे राहा. पश्चिमेचा डोंगर आडवा येऊन सावली पडत असेल तर रोजचा तास-दीड तास गेला. उतार दक्षिणेकडं असेल तर उत्तम, उत्तरेकडं असेल तर पॅनेलच्या रांगा लांब लांब ठेवाव्या लागतात आणि जागा जास्त खाल्ली जाते. खाली मुरूम आहे की सलग जांभा, हे कुदळ मारून बघा, कारण शेकडो खांब रोवायचे असतात. मग तिथून ३३/११ केव्हीचं सबस्टेशन किती लांब आहे ते गाडीच्या काट्यावर मोजा. कुसुमच्या ‘अ’ घटकात ते पाच किलोमीटरच्या आत असणं धरलेलं आहे. गाव राधानगरी अभयारण्याच्या बाजूला असेल तर वनखात्याकडं आधी विचारा. हे सगळं जमलं तर महावितरणच्या संकेतस्थळावर जागेची नोंद करता येते, किमान तीन एकर लागते.

प्रश्न : कंपनीचा माणूस भाडेकराराचा मसुदा देऊन गेलाय. जमीन सासऱ्यांच्या नावावर होती, आता सातबाऱ्यावर माझे मिस्टर, दीर आणि दोन नणंदा. सोसायटीचा बोजा आहे. सही करावी का? जमीन क्षारपड आहे, ऊस जळतो. (वाचक, ता. शिरोळ)

ताई, आज सही करू नका. आधी दोन्ही नणंदांना घरी बोलवा आणि मसुदा सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचा. सातबाऱ्यावर ज्यांची नावं, त्या सगळ्यांच्या सह्या लागतात. “बहिणी काय, नंतर करतील सही” असं म्हणून पुढं गेलेली प्रकरणं मी पाहिली आहेत. भाडं सुरू झालं की हिस्सा मागितला जातो, आणि तो मागणं चुकीचंही नसतं. भाडं चौघांच्या खात्यावर किती-किती जाणार ते करारातच लिहून घ्या. नणंदांना हिस्सा नको असेल तर त्यांनी तसं रीतसर हक्कसोडपत्र करावं, तोंडी नको.

सोसायटीचा बोजा असताना भाडेपट्टा नोंदवायला अडचण येते. थकबाकी भरून दाखला घ्या. कंपनी बोजा फेडते आणि भाड्यातून वळते करते असं सांगत असेल, तर किती, किती हप्त्यांत आणि व्याज धरून की न धरता, हे कागदावर यायला हवं.

मसुद्यात हे शोधा. भाडं कधीपासून सुरू होतं : सही झाल्यापासून, ताबा दिल्यापासून, की वीज सुरू झाल्यापासून? पुष्कळ मसुद्यांत ते शेवटचं असतं, आणि प्लांट दोन वर्षं रखडला तर तुमची जमीन दोन वर्षं अडकून पडते, ना ऊस, ना भाडं. ताब्याच्या तारखेपासून भाडं मागा. दुसरं, कंपनीला तुमची जमीन गहाण टाकायचा अधिकार दिलाय का? कंपनी तिचे पॅनेल आणि मशिनरी तारण देईल, ते तिचं आहे. जमीन तारण देता कामा नये, आणि हे वाक्य करारात स्पष्ट असावं. तिसरं, मुदत संपल्यावर लोखंड, काँक्रीटचे पाये, केबल कोण काढणार आणि किती महिन्यांत? जमीन मोकळी करून देईपर्यंत भाडं चालू राहील अशी ओळ घाला. चौथं, कंपनीनं प्रकल्प दुसऱ्याला विकला तर तुमचा करार जसाच्या तसा नव्या मालकावर बंधनकारक राहील का? पाचवं, सरकारी मोजणी करून हद्दीच्या खुणा घालूनच ताबा द्या. शेजाऱ्याच्या बांधावर कुंपण गेलं तर भांडण तुमच्याशी होणार, कंपनीशी नाही. शिवाय त्यांच्या गाड्यांची वाट कुठून जाणार, तेही नकाशावर दाखवायला सांगा.

क्षारपड जमिनीचं म्हणाल तर कुसुमच्या नियमांत पडीक, पाणथळ जमिनीही बसतात, त्यामुळं तुमची जमीन कागदावर पात्र ठरू शकते. पण शिरोळ म्हटलं की मला २०१९ आणि २०२१ चे पूर आठवतात. तुमच्या रानात तेव्हा पाणी किती फूट चढलं होतं? घराच्या भिंतीवर, मोटारीच्या खोलीवर अजून खूण असेल. ती मोजून कंपनीला लेखी कळवा. इन्व्हर्टर आणि ट्रान्सफॉर्मर त्या खुणेच्या वर बसले नाहीत तर एका पुरात सगळं जाईल. कंपनी म्हणेल विमा आहे. विमा तिचा आहे, प्लांट बंद पडल्यावर तुमच्या भाड्याचं काय होणार, हे करारात लिहिलेलं असायला हवं. आणि क्षार लोखंड खातात, हे तुमच्या विहिरीवरच्या पाईपा बघून तुम्हाला माहीतच आहे. खांबांना जाड गॅल्व्हनायझिंग आहे ना, ते विचारा.

मसुदा मराठीत मागून घ्या. इंग्रजी मसुद्यावर अंगठा किंवा सही, दोन्ही नको. वकिलाला दोन-चार हजार द्यावे लागले तर द्या, पंचवीस वर्षांचा मामला आहे.

प्रश्न : मागेल त्याला सौर पंप योजनेतून साडेसात एचपीचा पंप बसवला. वर्षातले चार-पाच महिने बंदच असतो. ती वीज महावितरणला विकता येईल का? (वाचक, ता. कागल)

नाही. तुमचा पंप ग्रीडला जोडलेला नाही, पॅनेलची वीज थेट पंपाला जाते. विकायची तर तारेनं जोडलेलं आणि दोन्ही बाजूंनी मोजणारं मीटर पाहिजे. कुसुमच्या ‘क’ घटकात वीजजोडणी असलेल्या पंपांचं सौरीकरण करून उरलेली वीज विकायची तरतूद आहे, पण तुम्ही आधीच ग्रीडबाहेरचा पंप घेतलाय.

गुजरातनं २०१८ मध्ये सूर्यशक्ती किसान योजनेत हेच केलं होतं. पंपाच्या जोडणीवर पॅनेल, स्वतःला लागेल ती वीज वापरायची, उरलेली विकायची, पहिली सात वर्षं युनिटला सात रुपये आणि पुढं साडेतीन. तसा दर आपल्याकडं कुणी देत नाही. आणि आपल्याकडं एक वेगळीच गोष्ट झाली आहे. एप्रिल २०२४ पासून पाच वर्षं साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत आहे. फुकट मिळणारी वीज वाचवून विकायची, हा हिशेब त्यामुळं शेतकऱ्याच्या मनात येतच नाही. मला ही योजना चालू असण्याचा आनंद आहे, पण तिची मुदत पाच वर्षांची आहे हे विसरू नये.

प्रश्न : आमच्या नदीवरच्या सहकारी पाणीपुरवठा संस्थेचे साडेतीनशे सभासद आहेत. गायरानालगत संस्थेची दोन-अडीच एकर जागा पडून आहे. संस्थेनं प्लांट टाकावा असं काही सभासद म्हणतात. जमेल का? (चेअरमन, ता. करवीर)

हे पत्र वाचून मला मनापासून बरं वाटलं. या जिल्ह्यात नदीचं पाणी माळावर चढलं ते एकट्या-दुकट्याच्या पैशानं नव्हे. संस्था झाल्या, भागभांडवल गोळा झालं, मग पाईपा पडल्या. सोलरचा खरा रस्ता तोच आहे असं मला वाटतं. भुदरगडच्या तिघा भावांना जे झेपत नाही, ते साडेतीनशे घरांना झेपेल.

कुसुमच्या ‘अ’ घटकात शेतकऱ्यांचे गट, सहकारी संस्था, ग्रामपंचायती, शेतकरी उत्पादक कंपन्या आणि पाणीवापर संस्था, सगळे पात्र आहेत. क्षमता ५०० किलोवॉट ते दोन मेगावॉट. ५०० किलोवॉटला दोन-अडीच एकर लागतात, म्हणजे तुमची जागा बसते. वर दिलेलं गणित निम्मं करा. दोन कोटींचा प्रकल्प, ३० टक्के म्हणजे ६० लाख स्वतःचे. साडेतीनशे सभासदांत ते सरासरी सतरा हजार होतात. ऊसबिलातून दोन हंगामांत कापून घेतले तर कुणाच्या चुलीवर परिणाम होणार नाही. स्वतःचं भांडवल ५० टक्क्यांवर नेलंत तर कर्ज एक कोटीचं राहतं. दहा वर्षांच्या मुदतीला त्याचा वर्षाचा हप्ता १६ लाखांच्या आत बसतो आणि जमा २० ते साडेतेवीस लाख. इथं मात्र पहिल्या वर्षापासून काही उरतं.

गुजरातमधलं धुंडी गाव वाचून घ्या. खेडा जिल्ह्यात आहे. तिथं सहा शेतकऱ्यांनी सौर पंपांची सहकारी मंडळी केली आणि २०१६ मध्ये वीज कंपनीला वीज विकायला सुरुवात केली, युनिटला ४ रुपये ६३ पैसे, २५ वर्षांसाठी. पाणी व्यवस्थापनावर काम करणारी एक आंतरराष्ट्रीय संस्था त्यांच्या पाठीशी होती, वरून बोनसही देत होती. म्हणजे ती परिस्थिती तुमच्यासारखी नाही. पण त्यांनी शेतीपंपांच्या बाबतीत एक गोष्ट करून दाखवली. सगळ्यांचं मिळून एकच मीटर, वीज कंपनीशी एकच करार, आणि सभासदांची वाटणी संस्थेच्या वहीत.

दोन गोष्टी सभेत आधीच सांगा, नंतर तोंड दाखवणं अवघड होतं. एक, या प्लांटची सगळी वीज महावितरणला जाणार. संस्थेच्या जॅकवेलचं, म्हणजे नदीकाठच्या पंपघराचं बिल त्यामुळं कमी होणार नाही, ते वेगळं भरायचंच आहे. सभासदांना वाटतं, आपलं सोलर झालं म्हणजे आपली लाईट फुकट. तसं नाही. दोन, पोटनियमांत वीजनिर्मिती हा उद्देश नसेल तर तो घालून सहायक निबंधकांकडून मंजूर करून घ्यावा लागेल. हे काम आधी, निविदा नंतर. जागेबद्दलही सांगते. ती खरोखर संस्थेच्या नावावर आहे की गायरानातच मोडते, याचा उतारा काढून बघा. “पूर्वीपासून आपलीच आहे” यावर बँक कर्ज देत नाही.

प्रश्न : गावाच्या सबस्टेशनजवळ कंपनीचा प्लांट झालाय. जमीन ज्यांची त्यांना भाडं. आम्हाला काय? (वाचक, ता. हातकणंगले)

तुमच्या फिडरला, म्हणजे सबस्टेशनमधून शेतीकडं येणाऱ्या लाईनला, दिवसा थ्री फेज. सौर कृषी वाहिनी योजना त्यासाठीच आहे. प्लांटची वीज सबस्टेशनमधून शेतीच्या फिडरवर दिवसा सोडायची. रात्रीच्या पाळीत दार उघडून बॅटरी घेऊन रानात जाणं काय असतं ते आपल्या घरातल्या बायकांना विचारा. माणूस परत येईपर्यंत झोप लागत नाही. साप आहे, पश्चिमेकडच्या तालुक्यांत गवा आहे, ओल्या स्टार्टरला हात लागायची भीती आहे. जमिनीच्या भाड्यापेक्षा हा फायदा मोठा आहे आणि तो सगळ्या गावाचा आहे. प्लांट सुरू होऊनही तुमची पाळी रात्रीचीच असेल, तर गप्प बसू नका. फिडरचं नाव, पाळीच्या तारखा आणि वेळा लिहून पंचवीस-तीस शेतकऱ्यांच्या सह्यांनी महावितरणच्या उपविभागात अर्ज द्या, पोच घ्या. आणखी एक : दुसऱ्या टप्प्यात ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत प्रकल्प होतो तिला वर्षाला पाच लाख, असे तीन वर्षांत पंधरा लाख गावाच्या कामासाठी ठेवलेत. ग्रामसभेत त्याचा हिशेब विचारा.

प्रश्न : मामांनी एक मेगावॉटचा प्लांट घातलाय, मी बघतो. जवळच साखर कारखाना. नोव्हेंबरपासून युनिट पडतात. शिवाय दुपारी लाईट गेली की प्लांटही बंद. ऊन असताना असं का? (वाचक, ता. पन्हाळा)

दुसऱ्याचं आधी. ग्रीडला जोडलेला इन्व्हर्टर लाईन मेली की स्वतःहून थांबतो, आणि थांबलाच पाहिजे. तो चालू राहिला तर खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव जाईल. हा दोष नव्हे, सुरक्षा आहे. पण नुकसान तुमचं होतं हेही खरं. एक मेगावॉट भर दुपारी तासभर बंद राहिला तर सात-आठशे युनिट जातात, म्हणजे दोन-अडीच हजार रुपये. म्हणून एक जाड वही घाला आणि रोज लिहा : लाईन किती वाजता गेली, किती वाजता आली, सबस्टेशनमधून काय कारण सांगितलं. ऑपरेटरकडच्या नोंदीशी महिन्याला ताडून सही घ्या. करारात किमान उत्पादनाची अट असते. वर्षाच्या शेवटी ती चुकली आणि दंडाची भाषा आली, तर तुमच्या बाजूनं बोलायला ही वहीच आहे. वर्षातून दोनदा लाईनखालची झाडं छाटा, ११ केव्हीची लाईन बऱ्याचदा फांदीनंच बंद पडते.

आता राख. गाळप सुरू झालं की धुराड्याची काळी राख आणि पेटवलेल्या पाचटाची काजळी पॅनेलवर बसते. थंडीत पहाटे दव पडतं, त्यात ती भिजते आणि ऊन आलं की चिकटून वाळते. नुसत्या पाण्याच्या फवाऱ्यानं ती निघत नाही. पॅनेलच्या खालच्या कडेला बघा, चौकटीलगत बोटभर काळा पट्टा दिसेल. वरचं पॅनेल स्वच्छ दिसतं म्हणून लोक तो सोडून देतात, पण खालची एक ओळ झाकली तरी पॅनेलचा मोठा भाग वीज कमी देतो. मऊ ब्रश किंवा रबरी पट्टीनं तो पट्टा काढायचा. धुणं पहाटे किंवा सूर्य कलल्यावर. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारलं तर काच तडकायची भीती असते, आणि ओल्या हातानं चालू पॅनेलला हात लावणं धोक्याचंही आहे. बोअरचं पाणी जड असेल तर पांढरे डाग राहतात, ते राखेपेक्षा वाईट. नदीचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी वापरा. कपडे धुण्याची पावडर अजिबात नको.

हंगामात दर आठवड्याला, बाकी महिन्याला दोनदा, पावसाळ्यात गरज पडेल तसं. किती फरक पडतो ते स्वतः बघायचं असेल तर एका इन्व्हर्टरखालच्या रांगा धुवा, शेजारच्या इन्व्हर्टरच्या तशाच ठेवा आणि तीन दिवस दोन्हींचे युनिट लिहून घ्या. मामांना मजुरीचे पैसे मागायला तो कागद उपयोगी पडेल. आणि शेजारच्या उसाच्या रानमालकाशी बोलून पाचट पेटवायच्या ऐवजी कुट्टी करून सरीत दाबायला सांगा. कुट्टीच्या मशीनचं भाडं तुम्ही भरलंत तरी परवडेल, आणि त्याच्या जमिनीचंही भलं होईल.

प्रश्न : पॅनेलखाली काही पिकवता येतं का? (वाचक, ता. गडहिंग्लज)

येतं, पण सांगाडा उंच पाहिजे. जमिनीलगतच्या नेहमीच्या प्लांटखाली गवत आणि मेंढरं, एवढंच. मेंढरं चालतील, शेळ्या नकोत, त्या पॅनेलवर चढतात आणि केबल कुरतडतात. पिकाऊ जमीन असेल तर कुसुमच्या नियमांत उंच खांबांवर पॅनेल बसवून खाली शेती करायला मुभा आहे. हळद, आलं आणि पालेभाज्या अर्धसावली सोसतात, ऊस सोसत नाही. उंच सांगाड्यानं खर्च चांगलाच वाढतो आणि युनिटचा दर मात्र तोच मिळतो. त्यामुळं जागा भाड्यानं देत असाल तर खालच्या पिकाचा हक्क तुमचा राहील, एवढी ओळ करारात आत्ताच घालून ठेवा. कंपन्या सहसा नको म्हणतात. तरी मागा.